दोन थाऊंचा हिशेब

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर एक पोलादी तुकडा पडलेला असतो. वीतभरसुद्धा लांब नाही. मधे धरायला खरखरीत मूठ आणि दोन्ही बाजूंना दोन गुळगुळीत दांडे. माझा नातू त्याला ‘लोखंडी लाटणं’ म्हणतो. दोन्ही दांडे दिसायला अगदी सारखे आहेत, पण एक दुसऱ्याहून जाड आहे. किती जाड, तर दोन थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरच्या भाषेत सुमारे पंचवीस मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस साधारण दोन ते चार थाऊ जाडीचा असतो. तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनाही कळत नाही. तो कळतो फक्त भोकाला.

कारखान्यात या वस्तूला ‘गो-नोगो’ म्हणतात. एखाद्या जॉबला पाडलेलं भोक बरोबर आहे की नाही, ते तपासायचं हे साधन. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही गेली तर भोक मोठं झालं, माल भंगारात. दोन्ही अडली तर पुन्हा मशीनवर. एक जातं आणि एक अडतं, तेव्हाच माल पास.

हा गेज मला भांडुपच्या एका मिस्त्रींनी दिला. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. माझ्या टेबलासमोर बसलेली कितीतरी माणसं नाव-गाव बदलून माझ्या कादंबऱ्यांत येऊन गेली. काहींना ते कळलं, काहींना नाही. मिस्त्री मात्र कुठल्याच पुस्तकात आले नाहीत. का आले नाहीत, ते आज सांगायचं आहे. मिस्त्री आता नाहीत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

१९९२ साली माझी बदली भांडुपच्या शाखेत झाली. लहान उद्योगांच्या कर्जांचं टेबल माझ्याकडे आलं. तेव्हाचं भांडुप ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी आजचंच पाहिलं आहे त्यांना सांगूनही खरं वाटणार नाही. पूर्वेला मिठागरं, पश्चिमेला डोंगरावर चढत गेलेली वस्ती, आणि मधून जाणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग. जुनी माणसं त्याला तेव्हाही आग्रा रोडच म्हणत. या रस्त्याच्या कडेनं सिएट, जी.के.डब्ल्यू.सारखे मोठे कारखाने होते. त्यांच्या भोंग्यांवर घरातली घड्याळं लागत. या मोठ्यांच्या मागे, गल्ल्यांत आणि औद्योगिक वसाहतींत, शेकडो गाळे होते. दहा बाय वीसचा गाळा, एक लेथ, एखादा शेपर, एखादं ड्रिल, दोन माणसं आणि एक पोरगा. मोठ्या कारखान्याचं काम ठेकेदाराकडे, ठेकेदाराचं दलालाकडे आणि दलालाचं गाळ्यात, असं ते उतरत यायचं. उतरताना कामाचे पैसे कमी होत, माप मात्र तेच राहायचं. याला जॉबवर्क म्हणतात.

टेंभीपाडा, कोकणनगर भागातली बरीचशी वस्ती रत्नागिरी-सिंधुदुर्गाची. मिस्त्रीही संगमेश्वर तालुक्यातले. १९६८ साली, सतराव्या वर्षी मुंबईत आले. आधी कुर्ल्याच्या एका वर्कशॉपात झाडू मारला, मग बुरादा गोळा केला, मग लेथला हात लावला. तिथे त्यांना उस्ताद भेटले. उस्ताद अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून निवृत्त झालेले होते. संरक्षण खात्याचा हा कारखाना १९५३ साली सुरू झाला. मशिनं बनवणारी मशिनं तिथे घडत. उस्तादांनी मिस्त्रींना दोन गोष्टी शिकवल्या. एक, ड्रॉइंग वाचायला. दुसरी, हात उचलण्याआधी विचारायला. ‘हे कशात बसतं?’ हा तो प्रश्न. जॉब कशात बसतो हे कळल्याशिवाय कुठलं माप जपायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, ते कळत नाही, असं उस्तादांचं म्हणणं होतं.

गाळा नंबर अकरामधे मी पहिल्यांदा गेलो तो तपासणीसाठी. आमच्या शाखेच्या कर्जातून मिस्त्रींनी एक जुनं मिलिंग मशीन घेतलं होतं. पावणेदोन लाखांचं कर्ज. मशीन आहे की विकून खाल्लं, ते बघणं माझं काम. मशीन होतं. नुसतं होतं असं नाही, तर त्यावर हार होता आणि त्याखाली जमिनीवर तेलाचा थेंब नव्हता.

लेथ आणि मिलिंगमधला फरक मला तिथेच कळला. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर राहतं. त्यामुळे लेथवर गोल वस्तू घडतात. मिलिंगवर कटर फिरतो आणि जॉब टेबलावर बांधलेला, मापानं सरकत राहतो; त्यावर सपाट पृष्ठभाग निघतात आणि खाचा पडतात. खाच पाडणं हे ऐकायला सोपं, करायला अवघड. कटर कितीही मजबूत असला तरी लोखंडाच्या रेट्यानं बारीकसा वाकतो. काम चालू असताना जॉब तापतो, आणि तापलेलं पोलाद वाढतं. हाताच्या लांबीएवढ्या पोलादी पट्टीचं तापमान दहा-पंधरा अंशांनी चढलं तर ती दोन-तीन थाऊंनी लांबते. गरम असताना घेतलेलं माप गार झाल्यावर खोटं पडतं. टेबल सरकवायच्या हँडलची गोष्ट निराळीच. ते एका दिशेनं फिरवत नेऊन उलटं फिरवलं, की सुरुवातीचं थोडं फिरणं फुकट जातं. आट्यांमधली ती मोकळीक, बॅकलॅश. जुन्या मशीनची ती जास्त. मिस्त्री नेहमी एकाच बाजूनं मापावर येत. चुकून पुढे गेलेच, तर बरेच मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूनं येत.

“साहेब, मशीन जुनं असलं म्हणून माप जुनं होत नाही,” ते म्हणाले. “मशीन किती खोटं बोलतं तेवढं पाठ पाहिजे.”

बँकेत अठ्ठेचाळीस खातेदारांचे ताळेबंद मी वाचत असे. त्यांच्याबद्दल हे वाक्य मला उपयोगी पडलं, हे कबूल करतो.

भांडुप आणि यंत्रं यांचं नातं तसं जुनं आहे. मुंबई ते ठाणे, कल्याण आणि पुढे घाटांपर्यंत रेल्वे न्यावी, ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना सुचली ती १८४३ साली, भांडुपच्या मुक्कामात. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी भांडुपच्या शिवारातून धूर सोडत गेली. त्या गाडीच्या इंजिनाच्या मुळाशी काय होतं, ते मी नंतर वाचलं. वाफेचं इंजिन जेम्स वॉटनं कागदावर केव्हाच सुधारलं होतं, पण त्याला नीट गोल सिलिंडर मिळत नव्हता. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या फटीतून वाफ निसटायची. ही अडचण सुटली ती जॉन विल्किन्सनमुळे. त्यानं १७७४ साली तोफांची नळी आतून अचूक कोरण्याचं यंत्र काढलं होतं. त्याच विद्येनं त्यानं वॉटचे सिलिंडर कोरून दिले. पन्नास इंच रुंदीच्या सिलिंडरमधे चूक जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीसुद्धा नाही, म्हणून वॉटचा भागीदार बोल्टन हरखून गेला. तोफेसाठी शिकलेला हात रेल्वेच्या कामी आला.

आणि हे एकदाच झालेलं नाही. अचूक मापाचा सगळा इतिहास शस्त्रशाळांतून फिरून येतो. पूर्वी प्रत्येक बंदूक एकेका कारागिराच्या हातची असे. एकीचा घोडा दुसरीला बसत नसे. मोडली की ज्यानं केली त्याच्याकडे न्यायची. १७८५ साली पॅरिसला असलेल्या थॉमस जेफरसन यांना ओनोरे ब्लां नावाच्या कारागिरानं पन्नास बंदुकांच्या चापांचे सुटे भाग दिले. जेफरसन यांनी हाताला येतील ते भाग उचलून अनेक चाप जोडून पाहिले. ते बिनचूक बसले. पुढे अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या शस्त्रशाळेत जॉन हॉल यानं हेच यंत्रांवर आणि गेजवर करून दाखवलं. १८६०च्या दशकात, अमेरिकी यादवीच्या काळात, बंदुकांच्या भागांना बारीक भोकं पाडायची ड्रिलं हवी होती. त्या ड्रिलांच्या पिळदार खाचा कानशीनं घासून काढाव्या लागत. त्या यंत्रानं काढता याव्यात म्हणून जोसेफ ब्राऊन यानं युनिव्हर्सल मिलिंग मशीन बांधलं. मिस्त्रींच्या हार घातलेल्या मशीनचा तो खापरपणजोबा. स्वीडनच्या सरकारी बंदूक कारखान्यातला योहान्सन हा तपासनीस १८९६ साली जर्मनीतला माउझरचा कारखाना बघून परत येत होता. वाटेत त्याला मोजमापाच्या पोलादी ठोकळ्यांची कल्पना सुचली. आज जगातल्या प्रत्येक टूलरूममधे मखमली पेटीत ठेवलेले स्लिप गेज असतात, ते त्याचेच. शिवणयंत्र, सायकल, मोटार, टंकलेखन यंत्र, सगळ्यांचे सुटे भाग एकमेकांत बसतात ते या वाटेनं.

हे सगळं मी एकदा मिस्त्रींना चहा पिताना सांगितलं. त्यांना त्याचं फारसं नवल वाटलं नाही. ते म्हणाले, “लोखंडाला काय ठाऊक, ते कशात जाणार आहे? ते आपल्यालाच ठाऊक पाहिजे.”

तेव्हा मला हे वाक्य म्हणजे गाळ्यातलं तत्त्वज्ञान वाटलं होतं.

१९९४च्या सुरुवातीला मिस्त्रींचं खातं आजारी पडलं. त्यांची चूक फारशी नव्हती. मोठ्या कारखान्यांचं काम कमी होत चाललं होतं, दलाल बिलं सहा-सहा महिने अडकवत होते. इकडे बँकेतही वारं बदललं होतं. नरसिंहम समितीच्या अहवालानंतर वसुलीचे नवे नियम आले होते. आधी थकलेलं कर्ज वर्षानुवर्षं खात्यावर व्याज लावत नांदत असे. आता थकबाकीच्या तिमाह्या मोजायच्या होत्या. मार्च १९९३ला चार, मार्च १९९४ला तीन, मार्च १९९५पासून दोन. त्यापुढे गेलेलं खातं ‘अनुत्पादक’. अनुत्पादक खात्यांची यादी वरच्या कचेरीत माझ्या सहीनं जात असे आणि तिथून माझ्याबद्दलचं मत खाली येत असे.

फेब्रुवारीत मी गाळ्यावर गेलो. मशीन बंद होतं. मिस्त्री स्टुलावर बसून कानशी पुसत होते.

“काम नाही?” मी विचारलं.

“आलं होतं. अडतीस हजारांचं. नको म्हटलं.”

अडतीस हजार! त्यांचे थकलेले सगळे हप्ते भरून वर पैसे उरले असते. माझा पारा चढला. “अहो मिस्त्री, धंदा करायचाय की देवळात बसायचंय? काम कसलं आहे याच्याशी तुम्हाला काय करायचंय? ड्रॉइंगबरहुकूम करून द्यायचं आणि मोकळं व्हायचं.”

मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. पोऱ्याला चहाला पाठवलं आणि तो गेल्यावर सांगायला लागले.

एक अनोळखी माणूस दलालाची ओळख सांगत आला होता. साठ नग करायचे, पोलादाच्या छोट्या ठोकळ्यात एक खाच आणि दोन भोकं. नेहमीच्या दरानं त्याचे फार तर बारा-तेरा हजार झाले असते. हा तिप्पट देत होता, रोख, निम्मे आधी. कच्चा माल त्याचा. मिस्त्रींनी ड्रॉइंग बघायला मागितलं. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कंपनीचं नाव, भागाचं नाव, नंबर, धातू, काढणाऱ्याची सही. या कागदाला तो कोपराच नव्हता. कात्रीनं सरळ कापून टाकला होता. काम झाल्यावर ड्रॉइंग परत द्यायचं, आणि बिघडलेले नगसुद्धा मोजून परत.

“बिघडलेला माल कोणी परत मागत नाही, साहेब. भंगारवाल्याकडे जातो तो.”

मिस्त्रींनी नेहमीचा प्रश्न विचारला, हे कशात बसतं? माणूस हसला. म्हणाला, शिवणयंत्रात.

आता मिस्त्रींच्या गावाची गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. कोकणात रानडुकरं आणि वानरं शेत ठेवत नाहीत. अशा बंदुका तिथे घरोघर नसल्या तरी वाडीत एखादी असतेच. निवडणूक आली की ती पोलिसांत जमा करायची, निकाल लागला की सोडवून आणायची. या बंदुकीचा चाप बिघडला की वडील तालुक्याच्या गावी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जात, आणि धाकटा मुलगा पिशवी धरायला बरोबर. घोडा मागे ओढला की कमान दाबली जाते, एक दात एका खाचेत अडकतो, आणि चाप ओढेपर्यंत ती सगळी ताकद त्या दातावर थांबून राहते. खाच झिजली की बंदूक बेभरवशाची होते, खांद्यावर असतानासुद्धा उडू शकते. दुरुस्तीवाला म्हाताऱ्यानं हे सगळं मुलाला उघडून दाखवलं होतं. त्या वयात बघितलेलं माणूस विसरत नाही.

“हे ठासणीचं नव्हतं. आकार वेगळा होता,” मिस्त्री म्हणाले. “पण सगळ्या ठोकळ्याला ढिलं माप आणि त्या एका खाचेला मात्र अर्ध्या थाऊचं. तिथे काहीतरी अडकून थांबणार होतं, साहेब. शिवणयंत्रात कशाला काही थांबेल? शिवणयंत्र चालायसाठी असतं.”

मी म्हणालो, कशावरून? खेळणं असेल. खिळे मारायचं हत्यार असेल.

“असेलही. मी विचारलं. तो खरं बोलला नाही.”

तारीख आठवा. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांना वर्षही झालेलं नव्हतं. त्या स्फोटांची स्फोटकं आणि बंदुका रायगडच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या. मुंबईत प्रत्येक बेवारशी पिशवीकडे लोक वळून बघत होते. १९५९चा शस्त्र कायदाही याबाबत संदिग्ध नाही. त्याच्या व्याख्येत अग्निशस्त्र म्हणजे नुसती बंदूक नव्हे. तिचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा त्यात येतात. परवान्याशिवाय ते बनवणं, दुरुस्त करणं, विकणं, सगळं गुन्हा. तेव्हा त्याला किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं कैद होती. २०१९च्या दुरुस्तीनंतर किमानच सात वर्षं झाली आणि कमाल जन्मठेप. ‘मला काय माहीत, मी फक्त खाच पाडली’ हे म्हणणं गाळेवाल्याला किती वाचवील, हे वकिलांनी सांगावं. हे मी आज वाचून लिहितो आहे. त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनाही नव्हतं.

मग त्यांनी खणातून एक कागद काढला. माणूस ड्रॉइंग घेऊन गेल्यावर रात्री त्यांनी ते आठवून पुन्हा काढून ठेवलं होतं. पेन्सिलीनं, स्वच्छ. मी कागद उलटा केला आणि माझ्या पोटात गोळा आला. हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून त्यांनी ते आमच्या बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर काढलं होतं. वर बँकेचं नाव, शाखेचा शिक्का.

“पोलिसांत द्यावं म्हणतो,” मिस्त्री म्हणाले. “तुम्ही बरोबर आलात तर बरं. मी एकटा गेलो तर पहिला पंचनामा माझ्याच गाळ्याचा.”

वाचकहो, मी तेव्हा काय म्हणालो ते लिहिण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. मी म्हणालो, “फाडून टाका हा कागद. तुम्ही काम घेतलं नाहीत, विषय संपला. बँकेचं नाव कशात यायला नको.” आणि उठताना वर म्हणालो, “हप्त्याचं मात्र बघा.”

चार दिवसांनी मिस्त्री शाखेत आले. काउंटरपाशी न थांबता सरळ माझ्या टेबलाशी आले आणि तो फॉर्म माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, “साध्या कागदावर उतरवून घेतलं आणि चौकीत दिलं. हा तुमचा परत.” आवाजात राग नव्हता. बिल आणून द्यावं तसं त्यांनी ते दिलं. तो फॉर्म मी त्याच संध्याकाळी फाडला.

चौकीत त्यांना चार तास बसवलं. नंतर दोनदा बोलावलं. गाळ्यावर दोन माणसं येऊन बघून गेली. तो अनोळखी माणूस पुन्हा कधी आला नाही. त्याचं काम पुढे दुसऱ्या कुठल्या गाळ्यात झालं, की झालंच नाही, ते मिस्त्रींना कळलं नाही. वसाहतीत मात्र ‘मिस्त्री पोलिसांत जातो’ एवढंच पसरलं. ज्यांनी कधी काही वावगं केलं नव्हतं असे दलालही त्यांच्या गाळ्याला वळसा घालून जाऊ लागले. एक्साइजची चोरी, बिनपावतीचा माल, अशा बारीकसारीक भानगडी प्रत्येकाच्या असतात. साक्षीदार शेजारी कोणालाच नको असतो.

मार्च १९९५ला खातं अनुत्पादकांच्या यादीत गेलं. नोटीस माझ्या सहीची. मिस्त्री भांडले नाहीत. मिलिंग मशीन विकून कर्ज फेडायचं ठरलं आणि १९९६च्या उन्हाळ्यात वसईच्या एकानं ते घेतलं. टेम्पो आला त्या दिवशी मी हजर होतो. मशीन आदल्या रात्री धुऊन, पुसून, तेल घालून ठेवलेलं होतं. टेम्पो हलायच्या आधी मिस्त्री नव्या मालकाला म्हणाले, “आडव्या हँडलला अडीच थाऊंचा बॅकलॅश आहे. एकाच बाजूनं या.” त्यानं मान डोलवली. त्याला ते कळलं की नाही, कोण जाणे.

त्याच वर्षी माझी बदली झाली. पुढे मी बऱ्यापैकी वर चढलो.

मिस्त्रींनी उरलेल्या लेथवर आणखी पंधरा वर्षं काढली. पंपाचे शाफ्ट, बुश, व्हॉल्व्हचे दांडे. मुलगा डिप्लोमा करून चाकणच्या बाजूला एका कारखान्यात लागला. तिथे संगणकावर चालणारी यंत्रं आहेत. हँडल नाही, त्यामुळे बॅकलॅश पाठ ठेवायचा प्रश्न नाही. यंत्रच तो हिशेबात धरतं. मुलाच्या कारखान्यात एकदा मिस्त्री जाऊन आले. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, “माप झकास. पण तिथे कोणाला विचारायचं, हे कशात बसतं? पोरगा म्हणाला, बाबा, फाइल वरून येते.”

हे वाक्य मला अलीकडे फार आठवतं. अमेरिकेत स्वतःपुरती बंदूक घरी बनवायला केंद्राचा परवाना लागत नाही. तिथल्या हौशी लोकांची ही जुनी परंपरा आहे आणि त्यात खरोखरचे कसबी कारागीर आहेत. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिथे अर्धवट घडवलेल्या भागांचे संच विकले जाऊ लागले. घेणाऱ्यानं उरलेल्या थोड्या खाचा-भोकं घरच्या घरी पाडायची, की बंदूक तयार. तिच्यावर नंबर नाही, विक्रीची नोंद नाही. गुन्ह्यांत अशा ‘भुताच्या बंदुका’ सापडू लागल्यावर २०२२ साली सरकारनं नियम केला, की सहज पुरे करता येणारे असे संच आणि भाग हेही शस्त्रच धरायचे. त्यांवर नंबर हवा, घेणाऱ्याची चौकशी हवी. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२५मधे न्यायालयानं नियम उचलून धरला. थोडक्यात, अर्धवट ठोकळ्याला शस्त्र कधी म्हणायचं, यावर तिथल्या मोठमोठ्या वकिलांनी डोकं चालवलं. भांडुपच्या गाळ्यातल्या माणसानं ते एका कापलेल्या कोपऱ्यावरून आणि एका खाचेच्या मापावरून ओळखलं होतं.

म्हणून बंदुकीचं काम करणारा प्रत्येक हात वाईट, असं मला म्हणायचं नाही. मिस्त्रींनाही म्हणायचं नव्हतं. त्यांचे उस्ताद संरक्षण खात्याच्या कारखान्यातले, वडिलांचं शेत बंदुकीनं राखलेलं. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातला, मध्य रेल्वेच्या नोकरीतला स्वप्निल कुसाळे पॅरिसला रायफलीत ऑलिंपिक पदक जिंकला, तेव्हा मिस्त्री असते तर त्यांनी त्या रायफलीच्या चापाबद्दल तासभर बोलून घेतलं असतं. त्यांचा प्रश्न बंदुकीबद्दल नव्हताच. हे कशात बसतं, एवढंच त्यांना हवं होतं. जो हे सांगत नाही त्याचं काम करायचं नाही, एवढा त्यांचा नियम. असा नियम आम्हा बँकवाल्यांकडेही असतो. कर्ज कशासाठी हवं, हा अर्जातला पहिला रकाना आहे. मी तो शेकडो वेळा भरून घेतला. एका माणसानं तोच रकाना आपल्या गिऱ्हाइकाकडून भरून मागितला, तेव्हा मात्र मी त्याला देवळात बसायला सांगितलं.

मिस्त्रींवर कादंबरी लिहावी असं दोनदा मनात आलं. एकदा तीस-चाळीस पानं झालीही. पण त्यात बँकेचा एक अधिकारी येणं भाग होतं, आणि तो आला की मी त्याला काहीतरी सबब देऊ लागायचो. नवी पदोन्नती, घरी आजारपण, वरून दबाव. यातलं सगळं खरं होतं. तरी पानं खोटी उतरत होती. शेवटी सोडून दिलं.

२०११ साली वसाहत पाडायची ठरली. आता तिथे टॉवर उभा आहे. गाळा रिकामा करताना मिस्त्रींनी निरोप पाठवला म्हणून गेलो. लेथ भंगारात गेला होता. भिंतीवर मिलिंग मशीनच्या जागी तेलाचा जुना डाग होता. निघताना त्यांनी हा गो-नोगो माझ्या हातात ठेवला. म्हणाले, “साहेब, कागदावर ठेवायला होईल. वाऱ्यानं उडतात.” तेवढंच. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं का, ते मी विचारलं नाही. त्यानंतर आमच्या दोन-तीनच भेटी झाल्या. २०१९मधे ते गेले.

परवा नातवानं हा तुकडा उचलून विचारलं, हे कशासाठी असतं? मी एका लाकडी फळीला भोक पाडून त्याला दाखवायचा प्रयत्न केला. माझं भोक अर्थातच ढोबळ, दोन्ही टोकं आत गेली. तो म्हणाला, “आजोबा, मग दुसरं टोक कशाला आहे?”

मी म्हटलं, ते न जाण्यासाठी आहे.